अनुस्वार शोधताना : गाथासप्तशतीची डिजिटल प्रत, सोलापूरची नोंदवही

८ जून २०२५

आजपासून वही सुरू. काय ठरलं ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे "असं ठरलंच नव्हतं" म्हणायला कुणाला जागा नको.

डिजिटल प्रत काढायला मनात होता तो 'तिलोयपण्णत्ती'. यतिवृषभांचा प्राकृत ग्रंथ, विश्वाची रचना सांगणारा, क्षेत्रफळा-घनफळांच्या गणितांनी भरलेला. तो घ्यायचा तर सोलापुरातच, कारण जीवराज जैन ग्रंथमालेचं ते पहिलं पुस्तक. आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांचं संपादन. पहिला भाग १९४३ चा, दुसरा १९५१ चा, आणि प्रकाशनस्थळ आपलं हे गाव. याच मालेत १९४९ साली कृष्णकांत हंदिकींचा सोमदेवाच्या 'यशस्तिलक'वरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. राष्ट्रकूटांच्या काळातला संस्कृत चंपू (गद्य-पद्य मिसळलेलं काव्य), त्यावर लिहिणारा विद्वान आसामचा आणि पुस्तक निघालं चादरींच्या गावातून. हे पोरांना सांगितलं की त्यांना थाप वाटते.

पण कायदा आडवा आला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि संपादक दोन असतील तर मोजणी नंतर गेलेल्यापासून. उपाध्ये १९७५ साली गेले. म्हणजे २०३५ सरेपर्यंत त्यांच्या संपादनाची मोफत प्रत आपल्याला परस्पर काढता येणार नाही. आप्पा म्हणाले, "मग दहा वर्षांनी करू." आप्पा शहात्तर वर्षांचे आहेत.

तेव्हा हालाची गाथासप्तशती, माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांचा जुना संग्रह. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १८८९ साली 'काव्यमाला' या ग्रंथमालेत २१ वा ग्रंथ म्हणून गंगाधरभट्टांच्या टीकेसह छापली, ती प्रत. तिच्यावर आता कुणाचाच हक्क नाही आणि स्कॅनही सहज मिळतो. स. आ. जोगळेकरांची १९५६ ची मराठी आवृत्ती टेबलावर राहील, पण अर्थ लागेना तेव्हा उघडायला. तिच्यातून काही टंकायचं नाही.

२२ जून

बैठक आप्पांच्या माडीवर, बाळीवेशीत. मी (कॉलेजातून निवृत्त, संस्कृतची), आप्पा, अक्का आणि माझा भाचा. आप्पांचं आयुष्य छापखान्यात गेलं. पंचांगाची प्रुफं तपासणं हे त्यांचं मुख्य काम. घटी-पळांच्या रकान्यात एक आकडा चुकला तर कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त सरकतो, या धाकात त्यांनी चाळीस वर्षं काढली. घरी कन्नड, छापखान्यात मराठी. अक्का अशोक चौकातल्या, घरी तेलुगू; संस्कृतात एमए करून शाळेत हिंदी शिकवल्या. भाचा कॉम्प्युटरवाला. त्याला यातलं काही येत नाही आणि तो तसं मोकळेपणाने सांगतो, हे फार बरं आहे.

काव्यमालेच्या पानावर एकात एक तीन ग्रंथ आहेत. वर गाथा, खाली तिची संस्कृत छाया (शब्दाला शब्द देणारं संस्कृत रूप), मग टीका. टीकेत पुन्हा गाथेतले शब्द उद्धृत. माणसाला नजर टाकताच कळतं की प्राकृत कुठे संपलं आणि संस्कृत कुठे लागलं. यंत्राला दोन्ही देवनागरीच. त्याने पहिल्याच पानावर गाथेची शेवटची ओळ आणि छायेची पहिली ओळ एकत्र शिवून टाकली. म्हणून पानाचे तुकडे आधी हाताने आखून द्यायचे ठरलं. भाच्याने माऊसने चौकोन काढायची सोय केली आहे आणि अक्कांचा हात त्यावर चांगला बसला आहे.

स्कॅनमधली अक्षरं यंत्राकडून वाचून घ्यायला टेसरॅक्ट हा प्रोग्राम वापरतोय, फुकट आहे म्हणून. त्यात संस्कृतसाठी आणि मराठीसाठी वेगवेगळी शिकवण आहे, प्राकृतासाठी काहीच नाही. संस्कृत लावलं तर ते प्राकृताला संस्कृत करू बघतं. 'विअ' दिसलं की त्याला चैन पडत नाही, शब्दाच्या मध्ये सुटा 'अ' कसा येईल, म्हणून 'विय' करतं, नाहीतर 'विम'. आणि माहाराष्ट्री प्राकृत तर सुट्या स्वरांवरच चालते. मधली व्यंजनं गळून गेलेली. भाचा वैतागून म्हणाला, "मावशी, हे मशीन आपल्याला येडं करलालंय."

६ जुलै

आषाढी. आप्पा पंढरपूरला, काम बंद.

१३ जुलै

आज खरं काम पुढे सरकलं, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वांत जास्त चुका अनुस्वाराच्या आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वीचा कागद, शिशाचा खिळा, टिंब फिकं उठलेलं; स्कॅन करताना तर गेलंच. उलट कागदावरचा डाग अनुस्वार होऊन बसतो. अर्थावरून ओळखावं तर आमच्यापैकी माहाराष्ट्री सराईतपणे वाचणारं मीच, आणि मीही अडखळत.

उपाय निघाला छंदातून. गाथा म्हणजे आर्येच्या जातीचं वृत्त: पूर्वार्धात ३० मात्रा, उत्तरार्धात २७. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन. अनुस्वार असला किंवा पुढे जोडाक्षर आलं की ऱ्हस्वाचाही गुरू. ओळीच्या शेवटचं अक्षर गुरूच धरायचं. दुसऱ्या गाथेचा पूर्वार्ध घेऊन भाच्याला फळ्यावर मोजून दाखवला:

अमिअं पाउअकव्वं पढिउं सोउं अ जे ण आणंति

अ-मि-अं चार. पा-उ-अ चार. क-व्वं चार, कारण 'क'च्या पुढे 'व्व'. बारा झाल्या, इथे यती, म्हणजे म्हणतानाचा थांबा. प-ढि-उं चार, सो-उं चार, अ-जे-ण चार, आ-णं चार, शेवटचा 'ति' दोन. अठरा. बारा आणि अठरा तीस. आता 'अमिअं'वरचं टिंब पुसा. एकोणतीस. म्हणजे ओळ स्वतःच सांगते की माझं काहीतरी हरवलंय.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "हे तर चेकसम आहे." बँकेच्या, आधारच्या आकड्यांत शेवटचा अंक असाच बाकीच्यांची पडताळणी करतो म्हणे. दोन तासांत त्याने मात्रा मोजणारा प्रोग्राम लिहिला. आकडा जुळेना ती ओळ लाल. पहिल्या शतकातल्या, म्हणजे पहिल्या शंभर गाथांतल्या, बऱ्याच ओळी लाल झाल्या, आणि उघडून पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी टिंबच गेलेलं.

दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा संग्रह हातांनी नकलून इथवर आला. नकलणाऱ्यालाही कानाने कळत असणार की ओळ लंगडतेय. ती सोय कवींनीच करून ठेवलेली आहे, आपण फक्त ती यंत्राला शिकवली.

जाता जाता: ज्या गाथेवर हे सगळं शिकलो तिचा अर्थ असा की, प्राकृत काव्य हे अमृत, ते ज्यांना वाचता-ऐकता येत नाही आणि तरी जे कामशास्त्राच्या चर्चा करतात, त्यांना लाज कशी वाटत नाही? अक्का मनापासून हसल्या.

२७ जुलै

मात्रायंत्राच्या मर्यादा दिसायला लागल्या.

एक, ते खोटे इशारे देतं. प्राकृतात 'ए' आणि 'ओ' छंदाच्या गरजेप्रमाणे ऱ्हस्वही होतात. संस्कृतचा नियम लावला तर ते कायम दीर्घ, मग ओळ ३१ भरते आणि यंत्र ओरडतं. शब्दाच्या शेवटच्या अनुस्वाराचंही तसंच. कधी तो लघु म्हणायचा असतो आणि काही संपादक तिथे चंद्रबिंदू छापतात. 'ए', 'ओ' सरसकट सैल सोडले तर यंत्र काहीही पास करतं. आता असं केलंय: आधी कडक नियम, जमलं नाही तर एकच 'ए' किंवा 'ओ' लघु धरून पाहायचा, तरी जमलं नाही तरच लाल. सैल करून जमलेली ओळ पिवळी.

दोन, मात्रा न बदलणाऱ्या चुका त्याला दिसतच नाहीत. घ-ध, व-ब, म-भ, प-ष. यातलं 'ष' सोपं, कारण माहाराष्ट्रीत श आणि ष नाहीतच, सगळा स. गाथेच्या ओळीत 'ष' दिसला की डोळे मिटून लाल. बाकीच्यांना माणूस लागतो.

ते माणूस म्हणजे आप्पा. त्यांना प्राकृत येत नाही. छापखान्याच्या रीतीप्रमाणे ते अक्कांना कॉपी होल्डर करतात: अक्का छापील पानावरून अक्षर-अक्षर मोठ्याने वाचतात, काना-मात्रा-वेलांटीसकट, आणि आप्पा पडद्यावर बोट ठेवून चालतात. "ग ला पहिली वेलांटी नाही, ह ला पहिली, सुटा अ, ग ला घ जोडून..." खालून जाणाऱ्या भाजीवाल्याने एकदा वर बघून विचारलं, पूजा आहे का. अर्थ कळत नसल्यामुळे आप्पांची नजर अर्थाच्या नादी लागून पुढे पळत नाही. मी वाचते तेव्हा जे असायला हवं ते मला दिसतं. त्यांना जे आहे ते दिसतं. 'घ'च्या जागी 'ध' ते अर्ध्या हाताच्या अंतरावरून पकडतात.

१७ ऑगस्ट

कुणीतरी सुचवलं: एवढं कशाला? वेबरचा पाठ रोमन लिपीत आहे, तो देवनागरीत उलटवा आणि मोकळे व्हा.

आल्ब्रेख्त वेबर, बर्लिनचे. १८७० साली पहिला अभ्यास, १८८१ साली लाइपझिशहून पूर्ण संहिता. ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून त्यांनी सगळ्या परंपरांतल्या मिळून ९६४ गाथा जमवल्या. 'सप्तशती' म्हणायचं आणि निघाल्या ९६४, कारण प्रत्येक परंपरेच्या सातशे थोड्या वेगळ्या. सगळीकडे सारख्या सापडतात त्या ४३० च्या आसपास. म्हणजे आपली काव्यमालेची प्रत ही एका परंपरेची साक्ष आहे, 'अस्सल' गाथासप्तशती नव्हे. फाइलच्या माथ्यावर हे ठळक लिहायचं. नाहीतर उद्या कुणी आपलीच प्रत दाखवून "मूळ पाठ असा" म्हणून भांडेल.

तरी उलटवून पाहिलं. पहिल्याच गाथेचा पहिलाच शब्द: 'पसुवइणो', पशुपतीचा. रोमनमध्ये 'अ' आणि 'इ' शेजारी आले की 'ऐ' दिसतो. जुने संपादक 'इ'वर दोन टिंबं देऊन दोन्ही स्वर वेगळे दाखवत. हाताशी आलेल्या फाइलीत ती टिंबं गळालेली, त्यामुळे यंत्राने बिनदिक्कत 'पसुवैणो' केलं. आणि गंमत अशी की मात्रायंत्र हे पकडूच शकत नाही: 'वइ' दोन मात्रा, 'वै'ही दोनच. उपाय पुन्हा व्याकरणातला. माहाराष्ट्रीत ऐ-औ जवळपास नाहीतच, तेव्हा दिसले की लाल.

निर्णय: रोमन फाइल ताडून पाहायला ठेवायची. पाया छापील पान.

७ सप्टेंबर

आजचा दिवस प्रकल्पाचा नव्हे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अक्कांची पुतणी जर्मनीत ग्रीक-लॅटिन शिकते. व्हिडिओवर आली आणि म्हणाली, तुमच्याजवळचं काहीतरी दाखवते. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं दहाव्या शतकातलं एक ग्रीक हस्तलिखित तिने उघडलं. त्यात 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' आहे: इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या, इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेलं बंदरांचं आणि मालाचं टिपण. सगळी पानं कुणालाही फुकट बघता येतात, हवी तेवढी मोठी करून. तपकिरी शाई, एकमेकांना चिकटलेली वळणदार अक्षरं. तिने बोट ठेवलं: "इथे वाचा. ता-गा-रा."

तगर. म्हणजे तेर. बार्शीच्या पुढे, तेरणेकाठी, गोरोबाकाकांचं तेर.

तो लिहितो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. तिथला माल रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला येतो. काय माल? साधं कापड भरपूर, आणि तलम वस्त्रांचे प्रकार. कापड म्हटल्यावर अक्कांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या सासऱ्यांचे चार माग होते. पुढचा अर्धा तास त्या पोरीला कापडाबद्दलच प्रश्न: 'साधं' म्हणजे जाडंभरडं की बिनरंगी? ग्रीक शब्दातून काय कळतं? तिने कोश उघडला. हलक्या प्रतीचं, सामान्यांच्या वापराचं, असा त्याचा रोख. रंगाबद्दल काही नाही. "म्हणजे चादरी," अक्कांनी परस्पर निकाल दिला.

आप्पांचा प्रश्न वेगळा. नक्कल करणाऱ्याने यात चुका केल्या असतील का? पोरगी म्हणाली, भरपूर. याच्या मागे फारसा आधार नाही, जी दुसरी प्रत आहे ती याच्यावरूनच उतरवलेली. म्हणून दीडशे-दोनशे वर्षं संपादक ओळी दुरुस्त करतायत. फ्रिस्क नावाच्या संपादकाची १९२७ ची संहिता अजून पायाभूत धरतात. आप्पा म्हणाले, "म्हणजे तिकडंही प्रुफंच."

ग्रीकवाल्यांनी मात्र ही प्रुफं लवकर हातात घेतली. कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला १९७२ सालीच त्यांनी 'थिसॉरस' सुरू केला: होमरपासून १४५३ साली कॉन्स्टॅन्टिनोपल पडेपर्यंतचं ग्रीक लिखाण यंत्रात. पुढे टफ्ट्स विद्यापीठात 'पर्सियस' आलं: शब्दावर बोट ठेवा, व्याकरण हजर. संस्कृतातही आता खूप आहे. ग्योटिंगेनचा ग्रेटिल संग्रह आहे, कोलोनने मोनियर-विल्यम्स आणि आपटे कोश खुले केलेत, हैदराबाद विद्यापीठाने संधी-समास सोडवणारी साधनं केलीत. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संस्कृत कोशासाठी १९४८ पासून पंधराशेच्या आसपास ग्रंथांतून कागदी चिठ्ठ्या काढल्या गेल्या, त्या आता संगणकावर चढतायत. प्राकृताच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं. आणि हे काम करायला अर्व्हाइनच लागतं असंही नाही. बाळीवेशीतली माडी आणि चाळीस वर्षांची प्रुफाची नजर चालते.

२८ सप्टेंबर

सीनेला पूर. अक्कांच्या नात्यातली मंडळी गावाकडून त्यांच्याकडे आली आहेत. वीज जाऊन-येऊन. काम नाही.

५ ऑक्टोबर

अभिजात भाषा सप्ताह चालू आहे. गेल्या वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला दर्जा मिळाला, त्याचं. एका कार्यक्रमात मला बोलावलं होतं. माझ्याआधी बोललेल्या प्रत्येकाने गाथासप्तशतीचं नाव घेतलं. घेणारच: मराठीच्या अभिजात दर्जासाठी नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीच्या अहवालात नाणेघाटच्या लेखाबरोबर हिचाही भक्कम आधार आहे. एकाने कुडलच्या शिलालेखाचाही उल्लेख केला. शके ९४०, म्हणजे १०१८; भीमा-सीनेच्या संगमावर, आपल्याच जिल्ह्यातला. चांगलं वाटलं. पण एकही गाथा कुणी म्हटली नाही. चहाच्या वेळी दोघांना विचारलं, वाचलीय का कुठली? "मॅडम, मिळत कुठे?"

प्रश्न रास्त आहे. दुकानात जोगळेकरांची प्रत मिळाली तर नशीब, स्कॅन मिळतो पण त्यात शोधता येत नाही. पोरगं मोबाइलवर 'गाथासप्तशती पाऊस' असं टाकून बघतं, त्याला दोन भाषणं आणि चार शुभेच्छापत्रं मिळतात. दर्जा मिळाला त्याच दिवशी त्याच यादीत प्राकृतालाही वेगळा दर्जा मिळाला, हे तर बहुतेकांच्या लक्षातच नाही. मग ही सप्तशती कुणाच्या खात्यात धरायची, मराठीच्या की प्राकृताच्या? मला वाटतं दोन्हीकडे धरावी आणि आधी वाचावी. व्यासपीठावर हे इतक्या स्पष्ट बोलले नाही, पण फार मागेही राहिले नाही. हारतुऱ्यांच्या खर्चात पाच शतकांची प्रुफं निघाली असती, असं मात्र बोलून गेले. पुढच्या वर्षी बोलावतील असं वाटत नाही.

९ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिली बैठक. कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि भाच्याचा उद्योग.

त्याने चॅटबॉटला सांगितलं, गाथासप्तशतीतली पावसावरची एक गाथा दे, क्रमांकासह. दिली. क्रमांक, अर्थ, वर रसग्रहणही. वाचायला इतकी झोकदार की मी क्षणभर पोथी चाळू लागले. भाच्याने तोवर ती मात्रायंत्रात टाकली. पूर्वार्ध ३३, उत्तरार्ध २५. दोन ठिकाणी 'ष', एक 'ऐ'. सगळं लाल. त्या क्रमांकावर काव्यमालेत भलतीच गाथा आहे.

मला याचा राग नाही आला, काळजी वाटली. विद्यार्थी हेच निबंधात लिहिणार, निबंध वेबवर जाणार, पुढचं यंत्र तेच वाचून शिकणार. हालाच्या संग्रहात आधीच प्रत्येक परंपरेने आपापल्या गाथा घुसवल्यात. पण त्या घुसवणाऱ्यांना निदान मात्रा येत होत्या.

यातून एक उपयोगी गोष्ट ठरली. आपलं मात्रायंत्र वेगळं काढून खुलं ठेवायचं. कुणीही गाथा चिकटवावी, ते सांगेल वृत्तात बसते की नाही, माहाराष्ट्रीत न बसणारी अक्षरं कोणती, आणि आपल्या प्रतीत ती आहे का. 'खरी' असं ते कधीच म्हणणार नाही. फक्त 'या प्रतीत नाही' एवढंच म्हणेल.

यंत्रवाचन टाकून द्यायचं असं मात्र नाही. पानाचा पहिला खर्डा यंत्राने दिला तर आप्पांचा वेळ निम्म्याहून कमी लागतो. अक्कांचं मत उलटं आहे: कोऱ्या पानावर टंकताना नजर ताजी असते, तयार मजकूर समोर आला की चूकही ओळखीची वाटते. दोन्ही रीतींनी एकेक दशक, म्हणजे दहा-दहा गाथा, करून पाहू म्हटलं.

१४ डिसेंबर

आज पाण्याची पाळी, त्यामुळे अक्का उशिरा आल्या. तोवर शोधाचा घोळ निस्तरला.

कुठे 'आणंति' छापतात, कुठे 'आणन्ति'. वाचणाऱ्याला फरक पडत नाही, शोधणाऱ्याला एक टाकलं की दुसरं सापडत नाही. सगळीकडे अनुस्वार करून टाकावा तर छापील प्रतीशी प्रामाणिक राहत नाही. जसंच्या तसं ठेवावं तर शोध लंगडा. दोन थर ठेवायचे ठरलं. वरचा थर छापील पानाचा, अक्षरशः, त्यातल्या उघड छापचुकांसकट. चूक वाटते तिथे खूण, पण हात लावायचा नाही. खालचा थर शोधासाठी: परसवर्णाचा ('न्ति'मधल्या 'न्'सारख्याचा) अनुस्वार, चंद्रबिंदूचा अनुस्वार, 'ब' आणि 'व' एकच. वाचणाऱ्याला वरचा दिसेल, शोध खालच्यावर चालेल. खुणांसाठी टीईआय (टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह) ही खुणा घालायची पद्धत वापरतोय. जगभर ग्रंथसंपादनात तीच पद्धत चालते. भाच्याला ती किचकट वाटते. मलाही, पण उद्या बर्लिनला किंवा म्हैसूरला कुणी आपली फाइल उघडली तर तिला कुणी समजावून सांगायला नको.

आप्पांनी आज आपणहून विषय काढला. षट्खंडागम या दिगंबर जैनांच्या ग्रंथावरची 'धवला' टीका कर्नाटकात मूडबिद्रीला ताडपत्रांवर होती: भाषा प्राकृत-संस्कृत, लिपी जुनी कन्नड. हीरालाल जैनांनी १९३९ पासून १६ खंडांत ती देवनागरीत छापली, पुढे सुधारित आवृत्त्या सोलापुरातून निघाल्या. आप्पांचा प्रश्न: "त्या ताडपत्राचे फोटो मिळाले तर मी वाचीन का?" जुन्या कन्नड अक्षराला आजची ओळख थोडीच पुरते, पण त्यांचा पाया आहे, देवनागरीवाल्या पंडिताला तोही नसतो. आपल्या गावात घरी कन्नड नाहीतर तेलुगू वाचणारी आणि बाहेर मराठीत व्यवहार करणारी माणसं गल्लीगल्लीत आहेत. पोथ्यांच्या कामात अशी माणसं शोधून मिळत नाहीत, आणि इथे ती निवृत्त होऊन नातवंडं सांभाळतायत. पोथ्यांच्या सर्वेक्षणासाठी केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् जाहीर झालं आहे, एक कोटीहून जास्त पोथ्यांचं लक्ष्य. फोटो निघतील. मग वाचणार कोण, हा प्रश्न आपल्यासारख्यांपाशीच येणार.

आप्पांसाठी जुन्या कन्नड शिलालेखांचे ठसे शोधायला घेतले आहेत. मूळाक्षरांचा तक्ता त्यांनी स्वतःच लिहून भिंतीवर लावला.

११ जानेवारी २०२६

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस. नंदीध्वज निघणार, ६८ लिंगांना तैलाभिषेक, आप्पा आठवडाभर मिळणार नाहीत. त्यांच्या जाण्याआधी पहिलं शतक बाहेर काढायचंच होतं, काढलं. प्रत्येक गाथेशेजारी पानाचं चित्र, म्हणजे आमच्यावर विश्वास न ठेवता कुणालाही ताडून बघता येईल. पिवळ्या ओळी पिवळ्याच ठेवल्या आहेत. गाथा-छाया तेवढी घेतली. टीका मागाहून, तिचं टंकन अजून कच्चं आहे.

२५ जानेवारी

पहिली दुरुस्ती आली, धारवाडच्या एका विद्यार्थिनीकडून. छायेत एके ठिकाणी विसर्ग सुटलाय. पान उघडून पाहिलं: विसर्ग छापीलमध्येच नाही, जागा मात्र रिकामी. खिळा पडला असणार, आप्पांचं मत. वरच्या थरात तसंच ठेवलं, खूण टाकली, तिचं नाव नोंदीत घातलं. तिने आणखी एक विचारलंय: पिवळ्या ओळींमध्ये कुठला 'ए' लघु धरला ते दाखवता येईल का? येईल, भाच्याला सांगितलं.

अक्कांच्या प्रयोगाचा निकाल लागला नाही. कोऱ्या पानावर त्यांच्या चुका कमी, पण आप्पांकडे दोन्ही दशकं सारखीच वेळखाऊ ठरली. दुसऱ्या शतकात दोघं अदलाबदल करतील: आप्पा टंकतील, अक्का तपासतील. आप्पांनी टंकायला नाही म्हटलं होतं, पण कीबोर्डवर कन्नड आणि देवनागरीची कळ-जुळणी एकच आहे हे कळल्यावर तयार झाले.

दुसऱ्या शतकाची वाटणी: पहिली पाच दशकं आप्पा, उरलेली पाच मी आणि भाचा. चौकोन आखणं अक्कांकडेच. टीकेतली गाथा-उद्धरणं वेगळ्या रंगात, म्हणजे मात्रायंत्र तिथे विनाकारण ओरडणार नाही. प्रिंटरची शाई आणायची.